वल्हे मोडले, पण वारा कुठला होता?

केप टाउन शहरावर उन्हाळाभर आग्नेयेकडून एक वारा येतो. शहरावर साचलेला धूर आणि कोंदटपणा तो उडवून नेतो, म्हणून लोकांनी त्याला फार पूर्वीच ‘केप डॉक्टर’ हे नाव दिले. घरांची कौले उडवणाऱ्या या वाऱ्याची काही माणसे मात्र चातकासारखी वाट बघतात. तो सुटला की लांबलचक, अरुंद होड्या गाडीच्या टपावर बांधून ती शहराच्या दक्षिणेला फॉल्स बे या विस्तीर्ण उपसागराच्या काठी जमतात आणि मिलर्स पॉइंटपासून फिश हुकपर्यंतचे ११-१२ किलोमीटर अंतर वाऱ्याच्याच दिशेने, लाटांच्या उतारावरून घसरत कापतात. वाटेत रोमन रॉकचा दीपस्तंभ लागतो. मुरलेला गडी ४० मिनिटांच्या आसपास पोहोचतो. सर्फस्कीच्या जगात ‘मिलर्स रन’चे स्थान पंढरीच्या वाटेसारखे आहे. आता नकाशा जरा नीट पाहा. त्याच द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, कॅम्प्स बे किंवा हाउट बेच्या बाजूला, हाच आग्नेय वारा डोंगर ओलांडून खाली येतो आणि थेट खुल्या अटलांटिककडे निघून जातो. पूर्वेच्या अंगाला माणसाला घराकडे ढकलणारा वारा पश्चिमेच्या अंगाला त्याला घरापासून लांब नेतो. दोन्हीकडे वारा तोच, होडीही तीच. भर समुद्रात वल्हे मोडले किंवा हातातून सुटले तर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंना एकच कसे असेल? तरीही या खेळातला सल्ला आणि स्पर्धांचे नियम बहुतेक वेळा ते एकच आहे असे धरून चालतात. माझा आक्षेप तिथे आहे.

ज्यांनी सर्फस्की पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे तपशील. १९१२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वारीजवळ मॅकलॅरेन बंधूंनी कालवांच्या शेतीवर ये-जा करण्यासाठी असे एक ओबडधोबड वाहन वापरल्याची नोंद आहे, आणि १९३३मध्ये सिडनीच्या मॅनली भागातल्या डॉ. क्रॅकनथॉर्प यांनी त्याचे पेटंट घेतले. आजची होडी साधारण साडेपाच ते साडेसहा मीटर लांब, बसायच्या जागी जेमतेम हात-दीड हात रुंद, आणि वजनाला दहा-पंधरा किलो. आत शिरून बसायचे नसते, वरच्या खोलगट बैठकीत बसायचे. त्यामुळे उलटली तरी ती बुडत नाही, माणूस पुन्हा वर चढू शकतो. पायाशी असलेल्या पट्ट्या सुकाणूला जोडलेल्या असतात. हातात दोन्ही टोकांना पाती असलेले, पोकळ कार्बनच्या दांड्याचे, सुमारे दोन मीटर लांबीचे वल्हे. पाते सपाट नसते, पक्ष्याच्या पंखासारखे वळलेले असते. हा आकार १९८०च्या दशकात स्वीडनमधून आला आणि वेगाचे गणितच बदलून गेला. मात्र इतक्या अरुंद होडीत वल्हे फक्त पुढे जाण्यासाठी नसते. तारेवरून चालणाऱ्याच्या हातातल्या काठीचे कामही तेच करते. दर फटक्याला पाते पाण्यावर टेकते आणि त्या टेक्यावर माणूस तोल सावरतो. म्हणून मोटारीचे इंजिन बंद पडणे आणि वल्हे जाणे यांची तुलना फसवी आहे. इंजिन बंद पडलेली मोटार निदान चार चाकांवर उभी तरी राहते.

तरीही वल्हे गेल्यावर माणूस अगदीच हतबल होतो असे नाही, आणि जे करता येते ते प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवे. दोन्ही पाय होडीच्या दोन बाजूंना पाण्यात सोडून बसले की तोल बऱ्यापैकी सांभाळला जातो. ही पहिली गोष्ट, कारण बाकी सगळे त्यानंतर सुचते. दांडा मधोमध मोडला असेल तर हातात एक पाते उरते. ते एकाच बाजूने, नदीतल्या डोणीसारखे मारता येते आणि होडी विरुद्ध बाजूला वळू लागली की पायाने सुकाणू दाबून ती सरळ राखता येते. यात दोन अडचणी आहेत. सुकाणूला जोर येतो तो वेगातून. होडी रेंगाळू लागली की सुकाणू पाण्यात नुसते लोंबकळत राहते. शिवाय पंखाच्या आकाराचे पाते ठरावीक दिशेने ओढण्यासाठी घडवलेले असते, आडवेतिडवे चालवले की ते हातात पिळते. तुटलेल्या कार्बनच्या कडा काचेसारख्या धारदार असतात, त्याही तळव्याला सोडत नाहीत. पाते पूर्णच गेले असेल तर होडीवर पालथे पडून किंवा पाय सोडून बसून हातांनी पाणी मागे लोटायचे. वारा पाठीमागून असेल तर एवढ्यानेही माणूस किनाऱ्याला लागतो, कारण खरे काम वारा आणि लाटाच करत असतात. हातांनी फक्त तोंड योग्य दिशेला ठेवायचे असते. सोबती जवळ असला तर दोन होड्या एकमेकींना धरून ठेवल्या की तराफ्यासारख्या स्थिर होतात आणि दोरीने ओढूनही नेता येते. पण हे सगळे उपाय पुन्हा एकदा नजरेखालून घाला. यातला एकही जोरदार वाऱ्याच्या विरुद्ध चालत नाही. हातांनी लोटणारा माणूस ताशी पन्नास किलोमीटरच्या वाऱ्याला तोंड देत एक किलोमीटरही जाऊ शकत नाही. ओढणाऱ्या सोबत्याची दमछाक तर त्याच्याही आधी होते. म्हणजे ‘वल्हे मोडल्यावर काय करावे’ या शीर्षकाखाली सांगितले जाणारे बहुतेक कौशल्य मिलर्स रनच्या बाजूला कामाचे आहे, कॅम्प्स बेच्या बाजूला नाही.

मोडणे आणि हरवणे यांतला फरकही आपण सहसा करत नाही, आणि तिथे दुसरी गफलत होते. समजा, पाण्यात तीन वस्तू आहेत: माणूस, होडी आणि वल्हे. तिघांना एकत्र ठेवायला तीन दोऱ्या लागत नाहीत, दोन पुरतात. पण एक मात्र कधीच पुरत नाही. अनेक जण वल्हे होडीला बांधतात आणि निर्धास्त होतात. ही दोरी माणसाला होडीशी तेव्हाच जोडते जेव्हा वल्हे त्याच्या मुठीत असते. लाटेने मूठ सोडवली की होडी आणि वल्हे दोघे मिळून वाऱ्यावर निघून जातात. दहा किलोची रिकामी होडी वाऱ्यावर इतकी भरभर सरकते की जीवरक्षक जाकीट घातलेल्या पोहणाऱ्याला ती गाठता येत नाही. दुसरे काही जण पोटरीला दोरी बांधून होडीशी जोडून घेतात. यात माणूस आणि होडी एकत्र राहतात, वल्हे वाहून जाऊ शकते. दोन्ही वाईटांत हे दुसरे कितीतरी कमी वाईट, कारण पाण्यात तरंगणारे डोके शोधण्यापेक्षा सहा मीटर लांब होडी शोधणे सोपे, आणि होडीवर बसलेला माणूस पाण्यात लोंबकळणाऱ्यापेक्षा कितीतरी वेळ तग धरतो. दोन्ही दोऱ्या बांधल्या की पायात गुंतण्याचा त्रास होतो, हे खरे. फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात पायाची दोरी धोक्याची ठरते, म्हणून किनाऱ्याला लागण्याआधी ती सोडावी हेही खरे. पण हा सगळा काथ्याकूट हरवण्याबद्दलचा झाला. वल्हे मोडले तर दोरी काय राखून ठेवणार? दोन तुकडे.

आणि वल्ही मोडतात. कार्बनचा दांडा हलका आणि ताठ असतो, हाच त्याचा गुण. पण लाकूड जसे आधी करकरते, वाकते, चिरते आणि मग तुटते तसा इशारा तो फारसा देत नाही. गाडीच्या टपावर पट्टा जास्त आवळला गेला, खडकावर आपटले, किनाऱ्यावर कुणाचा पाय पडला, की आतल्या थरांना इजा होते आणि वरची चकाकी तशीच राहते. लांबी कमीजास्त करता यावी म्हणून दांडा मध्ये जोडलेला असतो. त्या सांध्यात वाळू आणि खार बसते, आणि मोडण्याची एक लाडकी जागा तीच. दुसरी, पाते दांड्याला मिळते तो मानेचा भाग. इथे अनुभवी मंडळींचा आवडता युक्तिवाद आठवतो: इतक्या वर्षांत माझ्या हातातून वल्हे सुटले नाही. सुटले नसेलही. पकड हे कौशल्य आहे आणि कौशल्याने हरवणे टळते. मोडण्याच्या बाबतीत मात्र पारडे उलटे झुकते. जो जास्त जोराने ओढतो, मोठ्या वाऱ्यात जातो, किनाऱ्यापासून लांब जातो आणि आठवड्यातून पाच दिवस जातो, त्याच्याच दांड्यावर ताण जास्त पडतो. नवशिक्याचे वल्हे हरवते, तयार गड्याचे मोडते. असे ढोबळ विधान करायला माझी हरकत नाही.

म्हणून मांडणी अशी: वारा समुद्राकडून जमिनीकडे किंवा किनाऱ्याला धरून तिरपा आत येत असेल, पाणी फार थंड नसेल, तर पायाची दोरी, जाकीट आणि संपर्काचे साधन एवढे पुरे, वल्हे गेलेला माणूस उशिरा आणि ओशाळून का होईना, किनाऱ्याला लागेल. वारा जमिनीकडून समुद्राकडे जात असेल, किंवा दोन बेटांमधली खाडी पार करायची असेल, तर होडीवर दुसरे वल्हे बांधलेले नसताना कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये. क्लबने नाही आणि स्पर्धेच्या आयोजकांनी तर नाहीच. जाकिटाशिवाय सोडत नाहीत, तसेच. मराठीत तर हा भेद करायला शब्द आयते आहेत. शाळेच्या भूगोलात आपण ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ पाठ केले. कोकणातली शिडाची मासेमारी या दोहोंच्या वेळापत्रकावर चालत असे: पहाटेच्या मतलईवर बाहेर, दुपारच्या खाऱ्यावर परत. आज मालवणात आणि गोव्यात पर्यटक कयाक भाड्याने घेतात तेव्हा हिवाळ्यातल्या सकाळी पाणी आरशासारखे दिसते, आणि ते तसे दिसते याचे एक कारण वारा जमिनीकडून हलकेच वाहत असतो हे आहे. किनाऱ्यालगत तो लाटा उठवत नाही. पुढे गेल्यावर उठवतो. केपचा झंझावात आणि आपली पहाटेची झुळूक यांची ताकद वेगळी. दिशेचा नियम तोच.

यावर पहिला आक्षेप वजनाचा आणि अडथळ्याचा. दुसरे वल्हे दोन तुकड्यांत येते, त्याचे वजन किलोच्या आतबाहेर, आणि ते बैठकीमागे होडीच्या पाठीवर लवचीक दोऱ्यांनी बांधता येते. स्पर्धेत सेकंदांसाठी झगडणाऱ्याला तेवढे वजन आणि पाण्याचा तेवढा अडसर खुपणार, हे मान्य. पण नियम सगळ्यांना सारखा लागू असला की तक्रारीत काही उरत नाही. सगळ्यांच्याच पाठीवर तेच ओझे. खरा मुद्दा आहे तो पडल्यावर पुन्हा चढताना ते अंगात अडकते का, हा. अडकू शकते. म्हणून बांधायची जागा आणि पद्धत उथळ पाण्यात दहादा पडून-चढून तपासावी लागते; दुकानातून आणून थेट समुद्रात नेणे हा उपाय नव्हे. सर्फस्कीची चुलत बहीण असलेली समुद्री कयाक चालवणारे लोक वर्षानुवर्षे होडीच्या पाठीवर जोडवल्हे घेऊन फिरतात आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. तिथली होडी रुंद आणि संथ, इथली अरुंद आणि वेगवान, एवढाच फरक. आणि तो फरक दुसऱ्या वल्ह्याच्या बाजूने बोलतो, विरुद्ध नाही. हातात मोज्यासारखी घालायची छोटी प्लास्टिकची पातीही मिळतात. नसल्यापेक्षा बरी. पण वाऱ्याविरुद्ध तीही लुळी पडतात, म्हणून त्यांना पर्याय म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सोबती हेच दुसरे वल्हे, आणि खिशात फोन असतोच. एकट्याने जाऊ नये याबद्दल दुमत नाही. पण लाटांवर घसरण्याचा हा खेळ माणसांना विखरून टाकतो. ज्याला जी लाट मिळाली तो तिच्यावर स्वार होऊन पुढे जातो, आणि दोन मीटरच्या लाटांत शंभर मीटरवरचा माणूस दोन लाटांमधल्या दरीत गेला की दिसेनासा होतो. पांढरी होडी, पांढरा फेस. सोबत्याला तुम्ही मागे पडलात हे कळते तेव्हा तो पुढे गेलेला असतो आणि त्याला वाऱ्याविरुद्ध मागे यायचे असते. फोनची गोष्ट आणखी नाजूक. दक्षिण आफ्रिकेत आपला मार्ग बचाव केंद्राला दाखवणारे मोफत अ‍ॅप आहे, रॉकेटसारख्या उडणाऱ्या छोट्या लाल ज्योती आहेत, उपग्रहाला ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवणारे वैयक्तिक बीकन आहेत; हे सगळे जवळ हवे, यात शंका नाही. मात्र ही साधने मदत मागतात, मदत करत नाहीत. आणि इथे केपच्या पश्चिम बाजूची एक क्रूर गंमत लक्षात घ्यावी लागते. आग्नेय वारा तिथे वरवरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचे गार पाणी वर येते. ऐन उन्हाळ्यात, वारा जोरात असताना, तिथले पाणी १०-१२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. अतिथंड पाण्यासाठी कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी १-१०-१ असे सूत्र सांगितले आहे: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी १० मिनिटे, शुद्ध हरपण्याआधी साधारण १ तास. १०-१२ अंशांत हे आकडे थोडे ताणता येतील. क्रम बदलत नाही. बोटे आधी जातात. ओल्या, बधिर बोटांनी जलरोधक पिशवीतला फोन चालवणे जमेल असे गृहीत धरून बेत आखणे मला तरी पटत नाही. वल्हे धरायला बोटांची नजाकत लागत नाही, मूठ पुरते. (फॉल्स बेचे नाव निघाले की लोक आधी शार्कबद्दल विचारतात. फिश हुकला त्यासाठी टेहळणीही ठेवलेली आहे. वाऱ्यासाठी टेहळणी ठेवावी असे मात्र कुणाला वाटत नाही.)

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला वाटावा असा आहे: संकटात माणूस काहीतरी जुगाड करतोच, आधीच सगळे बांधून नेले तर साहस कसले? याला दाखला म्हणून सागरी इतिहासातली मोठी नावे पुढे केली जातात. १९६८-६९मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मुंबईत सागवानाने बांधलेल्या ‘सुहेली’ या नौकेतून. होडीला आपोआप दिशा देणारी यंत्रणा वाटेत निकामी झाली, रेडिओ बंद पडला, तरी शिडांचा तोल साधत ते इंग्लंडला पोहोचले. उदाहरण झकास आहे, पण ते सिद्ध काय करते? ‘सुहेली’ ३२ फुटांची होती. तिच्यात हत्यारे होती, लाकूड होते, दोर होते, शिवणाचे सामान होते, आणि दुरुस्ती करताना उभे राहायला कोरडी जागा होती. जुगाडाला कच्चा माल लागतो. सर्फस्कीवर कपाट नसते. पाण्याची बाटली आणि जाकिटाच्या खिशात मावेल तेवढेच. तिथे सुचण्याला वाव असतो तो किनाऱ्यावर, निघण्याआधी. आणि साहसाच्या स्वातंत्र्याबद्दल म्हणायचे तर माझ्या जिवाचा मी मालक, हे तत्त्व मी मानतो. पण हरवलेल्या माणसाला शोधायला त्याच वाऱ्यात कुणीतरी बाहेर पडते. दक्षिण आफ्रिकेत १९६७पासून काम करणारी ‘नॅशनल सी रेस्क्यू इन्स्टिट्यूट’ मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते. ती माणसे हातातली कामे आणि पानावरची जेवणे टाकून मोफत येतात. त्यांचे येणे हे आपल्या पाठीवर न घेतलेल्या एका किलोचे व्याज आहे.

सक्तीने माणूस बेफिकीर होतो, दुसरे वल्हे आहे म्हणून जास्त मोठ्या वाऱ्यात जातो, असाही एक सूर असतो. तो मी उडवून लावणार नाही. हे माणसाच्या स्वभावात आहे. पण त्याचा इलाज वल्हे काढून घेणे नसून वापरून दाखवायला लावणे हा आहे. होडीवर वर्षभर उन्हात पडलेले, सांध्यात खार बसलेले, कधीच न जोडलेले जोडवल्हे म्हणजे फक्त नियमाची पावती. तेव्हा आयोजकांनी किनाऱ्यावर वस्तू मोजण्याऐवजी एक साधी परीक्षा घ्यावी: कमरेएवढ्या पाण्यात होडी उलटवायची, वर चढायचे, मुख्य वल्हे बाजूला टाकायचे, पाठीवरचे सोडवून जोडायचे आणि वीस फटके वाऱ्याच्या विरुद्ध मारून दाखवायचे. मागे हात नेऊन दोरी सोडवताना तोल गेला आणि माणूस पुन्हा पाण्यात पडला, तर त्याच्या बांधण्याची जागा चुकली आहे एवढे त्यालाच कळते, तेही कमरेएवढ्या पाण्यात. आणि ही परीक्षा घ्यायची की नाही हे ज्या दिवशीच्या त्या दिवशी ठरवावे, सुरुवातीच्या रेषेवर लावलेले निशाण कुठल्या दिशेला फडफडते आहे ते पाहून.